आबांवर राज्य

वळ गावातल्या पाटलांच्या बंगल्यात रविवारी टेबलावर पाच खेळ मांडले होते: कॅरम, लुडो, पत्ते, हौजी आणि व्यापार. गोदामांना जमीन दिली, बंगला उभा राहिला, तेव्हापासून दोन मुलगे, सून आणि नात एका खोलीत एकत्र बसलेली केसरीनाथ आबांनी पाहिली नव्हती. म्हणून आज त्यांनी सगळ्यांना दम देऊनच खाली बोलावलं होतं.

कॅरमच्या पावडरीनं नव्या मार्बलची वाट लागेल, असं सून रुचिकानं सांगून टाकलं.

"व्यापार तर न्हायच," धाकटा भाविक म्हणाला. "दादा बोर्डावरच्या जागेची पण मोजणी मागवेल."

"मागवणारच! तुझं कुंपण दरवर्षी पुढं सरकतंय ना," थोरला दर्शन फिस्कारला.

इतक्यात नात पूर्वा ओरडली, "मग लपाछपी!" आणि आश्चर्य म्हणजे सगळे एका सुरात हो म्हणाले. राज्य आबांवर आलं. भिंतीला डोळे टेकवून त्यांनी खुशीत शंभरपर्यंत आकडे म्हटले आणि जिना चढून वर गेले.



तिन्ही बेडरूमना आतून कडी लावलेली होती, आणि आतून तीन वेगवेगळ्या चॅनलचे आवाज येत होते.