चारशे युरोंचं अस्तर

भाग्यानं ढिगातून कोट ओढून काढला आणि चिदंबरनं तो झटकन उलटा केला. कोटाला अस्तरच नव्हतं.

"तुमच्या घरच्या अक्कांनी असाच दिला," जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भाग्या म्हणाली. "बटणंसुद्धा काढून घेतली. शिंप्याचं घर ते, अण्णा, अख्खं काय देणार?"

त्या अस्तरात चारशे युरो होते. जर्मनीला लेकीकडे जायची दोघांची तिकिटं जावयानं काढली होती. पण तिथं कॉफीसाठीसुद्धा जावयापुढे हात पसरायचा नाही, असं चिदंबरनं ठरवलं होतं. सकाळी एक कॉफी, संध्याकाळी एक, एक बसचं तिकीट. दिवसाला दहा युरो, चाळीस दिवस. त्यासाठी बापाचं पायाचं शिलाई मशीन त्यानं गुपचूप विकलं आणि बायकोला सांगितलं, दुरुस्तीला दिलंय. नोटा त्यानं स्वतःच्या हातानं कोटात ठिगळाखाली शिवल्या. बँकेच्या कार्डापेक्षा त्याचा भरवसा आपल्या टाक्यावर.

आणि आज बायकोनं, कृष्णवेणीनं, आपल्या भावाच्या दुकानात चोरून शिवलेला नवा कोट त्याच्या अंगावर चढवला. "अहो, जुना भांडीवालीला दिला, री. चकल्यांना डबा आला. हा अंगातच असू दे, बॅगेचं वजन वाढतं." त्यानं नव्या कोटाकडे धड पाहिलंही नाही. तसाच मेटगळ्ळीला भाग्याच्या घरी धावला होता.

आता तीन वाजले होते. चारला विमानतळाची बस. परतताना रिक्षात त्याला रडू फुटलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती चकल्यांचा डबा आला!

दारात बॅगा तयार होत्या. तो उंबऱ्यावरच बसला.

"मी येत नाही, वेणी. तू एकटी जा."

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. मशीन, युरो, दिवसाचे दहा. "रिकाम्या खिशानं जावयाच्या दारात कसा उभा राहू? त्या अस्तराचं काय केलंस तू?"

कृष्णवेणीनं कपाळावर हात मारला. जन्मभर लोकांच्या कोटांची आतली बाजू तपासणारा माणूस! तिनं त्याच्या घामेजल्या नव्या कोटाची बटणं सोडली आणि पुढची बाजू उलटून दाखवली. तेच जुनं तपकिरी अस्तर. चिदंबरनं शिवलेलं ठिगळ जसंच्या तसं होतं. शेजारी आणखी एक ठिगळ होतं, दुसऱ्या कुणाच्या हातचं.

"अय्यो, चांगलं अस्तर कोण टाकतं? आणि तुमचा टाका मी ओळखणार नाही होय? तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मीही गप्प बसले."

"आणि हे दुसरं?"

"माझ्या ब्लाउजांच्या शिलाईचे दोनशे युरो." तिनं बॅग उचलली. "हिशेबात माझी कॉफी धरायला विसरलात, री."