हवेत

सफाई कामगारांच्या मोर्च्यावर सकाळी गोळीबार झाला आणि पाच जण जागीच गेले. दुपारी शिपाई घरी आला, तो बुटांसकट आईसमोर बसला.

“आई, तुझी शपथ. मी हवेत झाडली. कुणावरही नेम धरला नाही.”

“हुकूम कुणाचा होता?”

“वरून आला. मोर्चा सचिवालयापर्यंत पोचला तर सरकार पडेल, म्हणाले. ती माणसं तरी काय मागत होती गं? हातमोजे आणि वेळेवर पगार.”

आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याला जरा हायसं वाटलं. मग ती उठली आणि पायात चपला सरकवू लागली.

“तू यायच्या आत आपल्या पोलीस लाइनीत घरोघर फिरून आले रे. शेजारणीचा मुलगा म्हणाला, मी हवेत झाडली. वरच्या मजल्यावरच्या हवालदारानेही हवेतच झाडली. सगळ्यांनी आपापल्या आईची शपथ घेतली.”

शिपाई बुटांच्या नाड्या सोडू लागला.

“आता कुठे निघालीस?”

“त्या पाच जणांच्या घरी. त्यांच्या आयांना काय सांगू, तेवढं सांग.”