मॅडमचं उत्तर

चार दिवस झाले, तरी त्या पत्राला उत्तर द्यायचं मुद्रितशोधकाचं धाडस होत नव्हतं. एका गाजलेल्या नटीच्या नावाने मासिकात येणारं आरोग्याचं सदर तोच लिहायचा. मागच्या अंकात पान भरायला चार ओळी कमी पडल्या, म्हणून त्याने ‘काकडीचा रस घ्या, रक्तदाबाची गोळी विसरा’ असं ठोकून दिलं होतं. आता एका बाईंनी विचारलं होतं, ‘मॅडम, गोळी कायमची बंद करू ना?’

घरी आल्यावरही त्याचा पाय एका जागी ठरेना. बायको स्वयंपाकघरात काकडीचा रस गाळत होती.

“अगं, गोळी घे. त्या नटीला काय कळतं?”

“आणि तुम्हाला फार कळतं. जन्म गेला दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारण्यात.”

तो घुटमळला. “ते सदर मीच लिहितो.”

“हो का? मग पडद्यावर नाचतही तुम्हीच असाल.” ती हसत सुटली. “मी मॅडमनाच पत्र टाकलंय. त्या घ्या म्हणाल्या, तरच गोळी घेईन.”

सकाळी कचेरी उघडताच त्याने त्या पत्राचं उत्तर टाइप केलं. ‘रसाबद्दल माझं चुकलं. गोळी आजच सुरू करा, आणि लगेच डॉक्टरांना भेटा.’ खाली नटीच्या सहीचा रबरी शिक्का मारला.

 

मग पाकिटावर बायकोचं नाव आणि स्वतःच्याच घराचा पत्ता लिहून ते पोस्टाच्या पेटीत टाकलं.