आठी

सुरकुत्या घालवायची इंजेक्शनं घेतली आणि धाकटीच्या भुवया अशा जड झाल्या की कपाळ हलेचना.

"घाबरू नका. चोळू नका. औषध उतरलं की कपाळ पहिल्यासारखं हलेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"इतक्यात नको हलायला," ती घाईघाईनं म्हणाली.

घरी थोरलीनं तोंड सोडलं, "आई अंथरुणाला खिळलीये आणि हिला नटायचं सुचतंय!" आईपुढे थापा पचत नसत. धाकटी तोंडानं काहीही सांगो, आई तिचं कपाळ वाचायची. आणि आज हातात आलेला आईचा रिपोर्ट तिला कळून चालणार नव्हता.

धाकटी आईच्या खोलीत शिरली. छातीतली धडधड आईला ऐकू जाईल असं वाटत होतं. कपाळ मात्र आरशासारखं गुळगुळीत होतं.

"सगळं ठीक आहे गं आई," ती हसून म्हणाली.

आईनं तिला जवळ ओढलं आणि कपाळावरून हळूच बोट फिरवलं.



"मला साधा ताप आला तरी तुझ्या कपाळाला आठ्या पडायच्या, बाळा. आज एकही नाही... इतकं वाईट आलंय?"