राक्षस मरेना

चक्र फिरवून फिरवून विष्णू दमला, तरी राक्षस मरेना.

पर्यटकांना दाखवायला म्हणून आमच्या गावानं भरदुपारी दशावतार ठेवला होता. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. त्यात विष्णू झालेला गुणाजी आणि राक्षस झालेला तातू शेजारी. बांधावरच्या फणसापायी दोघांचं बोलणं बंद. झाड दोघांचं, फणस मात्र एकटा गुणाजी खातो.

"हे नारायणा!" तातू गरजला. "मरायला मी तयार आहे. पण आधी वर दे. बांधावरच्या झाडाचे अर्धे फणस माझे!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गाव श्वास रोखून बसलं. मी पेटीवर मुद्दाम एकच सूर धरून ठेवला. गुणाजीनं माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं. पण अंगावर देवाचा वेश, समोर सगळं गाव. नाही म्हणणार कसा?

"तथास्तु," तो कसाबसा म्हणाला.

तातू समाधानानं कोसळला. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरतोय तोच मेलेल्या राक्षसानं हळूच मान वर केली.

"आणि काढून पण तूच दी हां. माका झाडार चढाक जमणा नाय."