शिडीवरचा चहा

"अर्जात त्या शिड्यांचा उल्लेखच नको," तो आवाज खाली आणून म्हणाला. "कोपऱ्यातला ढीग म्हणजे विक्रीचा माल, एवढंच लिहू. कोण बघायला येतंय?"

काकूंनी हातातला पाना टेबलावर ठेवला. शिड्यांच्या या कारखान्यात त्यांना सगळे काकूच म्हणत. मालकीणबाई म्हटलेलं त्यांना खपत नसे. गुंतवणूक कंपनीचा हा तरुण अधिकारीही दुसऱ्याच भेटीत मॅडमवरून काकूंवर आला होता.

ढीग लपण्यासारखा नव्हता. दिसायला कोऱ्या करकरीत शिड्या, पण बिजागरी कच्ची. कारखान्याचा एक रिवाज होता. तयार मालातली एक शिडी उचलायची, तिच्या वरच्या पायरीवर बसून चहा प्यायचा आणि खाली कोणी शिडी धरायची नाही. गिऱ्हाइकाच्या घरी धरायला आपण जाणार आहोत का, असं काकूंचं म्हणणं. गेल्या वर्षी त्यांचे धाकटे दीर असाच चहा पिताना बिजागरी तुटून खाली आले. कप शाबूत राहिला, पाय मोडला. तोवर त्याच बिजागरीच्या शिड्या दुकानोदुकानी पोचल्या होत्या. तक्रार एकाचीही नव्हती. तरी काकूंनी सगळ्या परत मागवल्या, ज्याचे त्याला पैसे दिले, आणि वर्षाचा नफा त्या ढिगात जाऊन बसला.

हे ऐकलं तेव्हाच अधिकाऱ्याला ही बाई आवडली होती. पैसे लावावेत तर असल्या माणसांच्या धंद्यात, असं त्याने घरी बायकोलाही सांगितलं होतं. पण मंजुरी देणाऱ्या समितीला माणसं दिसत नसत, तोटा तेवढा दिसे. शिवाय वर्षभरात त्याचा एकही प्रस्ताव मंजूर झाला नव्हता. हाही पडला तर तुमच्या खुर्चीचा विचार करावा लागेल, असं वरिष्ठांनी गोड हसून ऐकवलं होतं. तेव्हा एक छोटंसं खोटं, तेही चांगल्या माणसाच्या भल्यासाठी. येतानाच्या वाटेवर त्याने मनाची नीट समजूत घालून आणली होती.

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या.

"भाऊजी, ऐकलंत का? साहेब आपली परीक्षा घेतायत. हो म्हटलं की आपण नापास."

दीर लंगडत आले. त्यांनी साहेबांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. पैसे लावायला येणारे बाकीचे नुसते आकडे विचारतात, नियत तपासणारा हा पहिलाच, असं ते वहिनींना म्हणाले आणि त्यांनी लगोलग चहा सांगितला. वर, आजची शिडी साहेबांनीच चढायची, असं फर्मानही काढलं.

नाही म्हणायला तोंड कुठं होतं? इतकं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि हे तर भलत्याच कुणाचं, चुकून त्याच्या पत्त्यावर येऊन पडलेलं. कप सांभाळत तो चढला. वरच्या पायरीवरून सगळा कारखाना दिसत होता. पाइप कापायचं यंत्र, खिडकीत ओळीने ठेवलेले जेवणाचे डबे, आणि भिंतीकडेचा तो ढीग. खालून वाटला होता त्यापेक्षा कितीतरी मोठा. चुकून कोणी विकू नये म्हणून प्रत्येक शिडीवर लाल रंगाची जाड फुली मारलेली.

त्याने खाली पाहिलं. काकू शिडीपाशी आल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली होती. आपल्यात धरत नाहीत, अशी दीरांनी लांबून आठवणही करून दिली. काकूंनी ती कानाआड केली.

"काकू, उद्या समितीपुढे मी त्या ढिगापासूनच सुरुवात करणार आहे," तो म्हणाला. मग त्याने कप शेजारी पायरीवर टेकवला. "आणि ती परीक्षा नव्हती. मी खरंच तसं लिहा म्हणत होतो."

"ठाऊक आहे मला," काकू खालून हळूच म्हणाल्या. "म्हणून तर धरून उभी आहे."