बुधवारचं दूध

देऊळ असो, मशीद असो की चर्च, आत प्रार्थनेशिवाय दुसरं काही चालत असेल तर घरपट्टी बसेल, हा नगरपालिकेचा नियम करअधिकारी शांतवनरावांनीच लिहून काढला होता. आणि उरण नाक्याजवळच्या त्यांच्याच चर्चमध्ये त्यांची बायको रूथ दर बुधवारी कोळीवाड्यातल्या लेकरांना भुकटीचं दूध वाटायची.

"अहो, पट्टी बसली तर दूध बंद पडेल हो!"

"मी खोटं लिहिणार नाही," एवढंच ते म्हणाले.

बुधवारी सकाळपासून रूथचा जीव थाऱ्यावर नव्हता. ते वही घेऊन पाहणीला आले, तेव्हा कडेवर बाळ आणि हातात डाव घेऊन ती पातेल्यापाशीच उभी होती. चर्चभर बायका, पोरं, वाट्या.

शांतवनराव दारातच थबकले. त्यांनी टोपी काढली. "बायांनो, डोळे मिटा. आपण प्रार्थना करू."

सगळ्यांनी डोळे मिटले. मग त्यांनी उभ्याउभ्याच वहीत लिहिलं, 'पाहणीच्या वेळी प्रार्थना चालू होती.'



डोळे घट्ट मिटूनच गोदू कोळीण म्हणाली, "सायेब, लिवून झालं का? दूध निवतंय."